नोव्हेंबरच्या आत निघा

चि. मनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री तुझे फोटो आले. तिकडे फिजीत पहाट झाली असेल, तुमचं घड्याळ साडेसहा तास पुढे. आई चष्मा लावून पुन्हा पुन्हा बघत होती. फुलांगा बेटावरच्या त्या घरात तू चटईवर मांडी घालून बसलीयस, कमरेला लुंगीसारखा सुलू, आणि कागदात बांधलेली, त्यांच्या यांगोना नावाच्या पेयाची मुळं दोन्ही हातांनी मुखियापुढे ठेवतेयस. आपण शिमग्याला मानकऱ्यांपुढे नारळ ठेवतो ना, तसंच वाटलं मला. सेवुसेवु, म्हणजे ही मुळांची भेट, केल्याशिवाय त्या खाडीत पोहायचंसुद्धा नाही, हे तू लिहिलंस ते फार आवडलं. पाणीसुद्धा गावाचं असतं, हे आपल्या माणसाला सांगावं लागत नाही.

पण महिनाभर राहणार म्हणालीस. म्हणजे ऑक्टोबर संपलाच की. तिकडे वादळांचे दिवस नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत, मी विचारून घेतलंय. २०१६ च्या फेब्रुवारीत विन्स्टन आलं तेव्हा फिजीत ४४ माणसं गेली. हे तुला घाबरवायला लिहीत नाही.

दुसऱ्या फोटोत गावातल्या वाटेवर तुझ्या डोक्यावर टोपी आहे. ती काढ. गॉगल पण. पिशवी खांद्याला नको, हातात धर, आणि पोराटोरांच्या डोक्यावरून लाडानं हात फिरवायची तुझी सवय तिथे नको, त्यांच्यात डोक्याला हात लावत नाहीत. करवंटीतली यांगोना पुढे आली की आधी एक टाळी, एका घोटात संपवायची, मग तीन टाळ्या. बघ, तिथे बसून आलेल्या मुलीला मी इथून शिकवतोय. रागावू नकोस. ज्या घरानं तुम्हाला आपलं म्हटलंय, त्या माऊलीला आमचा नमस्कार सांग.

तुमचा तांडेल होडी घेऊन खाडीच्या त्या अरुंद तोंडातून आत शिरला तेव्हा ऊन डोक्यावर होतं का? निघतानाही तसंच निघा. ऊन समोरून आलं की पाणी नुसतं चकाकतं, खडक दिसत नाही. डोक्यावर असलं की खडपाचा तपकिरी रंग लांबून कळतो. तू पुढच्या टोकाला उभी राहा, तुझी नजर चांगली आहे. सहा वर्षांची असताना रापणीत मासा कुठे उसळला ते तू माझ्या आधी दाखवायचीस. आत्या म्हणायची, पोरीला होडीवर कशाला नेतोस. २०१७ ला गोव्याहून तारिणी या शिडाच्या होडीवर सहाजणी पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या, त्याचं तू कापलेलं कात्रण अजून कपाटाच्या दारावर आहे. आत्या आली की आता मीच तिला दाखवतो आणि तुझे फोटो पण दाखवतो.

मला आठवतं ते ११ नोव्हेंबर २००९. फयान वादळ. तू आठ वर्षांची, मिरकरवाड्याच्या जेटीवर माझ्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून उभी. सकाळी समुद्र चांगला होता म्हणूनच अण्णा गेला होता. दोन रात्री तू टोक सोडलं नाहीस, झोपेतसुद्धा. होडी आली तेव्हा डोलकाठी नव्हती, अण्णाच्या तळहातांची सालं निघाली होती. शेजारची होडी आलीच नाही. तू तेव्हा एकदाही रडली नाहीस आणि मी आज या वयात, तू सुखरूप आहेस हे डोळ्यांनी बघूनसुद्धा, रात्री उठून वारा ऐकतो. इथला वारा, तिकडचा नव्हे, हे कळतं मला.

न्यूझीलंडला पोचायला आठ-दहा दिवस लागतात म्हणालीस. हवा बघून निघायचं म्हणजे चार दिवस थांबावंही लागेल. ते धरून हिशेब कर. गाव सोडवत नसेल, माणसं जीव लावत असतील, तरी हिशेब कर. त्या घरातला म्हातारा लाकूड कोरतो ना, त्याच्याकडून एखादा लहानसा तानोआ, यांगोना कालवायचा लाकडी वाडगा, घे. पैसे घासाघीस न करता दे. आई त्यात कोकमं ठेवणार आहे.

आणि कुठल्या तारखेला निघणार, तेवढं एका ओळीत कळव.

तुझे,
बाबा