थंडीचं सोडा, उजेडाचं विचारा

हेलसिंकी, फिनलंड,
28 नोव्हेंबर

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही दर वेळी "थंडी सोसते का गं?" एवढंच विचारता. थंडीचं काही नाही बाबा. घर, बस, ऑफिस सगळं उबदार असतं. रात्रीच्या लाइटीवर शेतात दारं धरायला जाता तेव्हा तुम्हीच जास्त गारठत असाल. इथे छळतो तो अंधार.

सध्या सूर्य नऊच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनच्या आत मावळतो. तेही पंचांगापुरतंच, कारण ढग हटत नाहीत. अख्ख्या नोव्हेंबरात सरासरी चाळीसेक तास ऊन. बार्शीत तेवढं चार-पाच दिवसांत पडतं.

माझं काम सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं. सकाळी दहापर्यंत डोकं चालतच नाही आणि तीनला खिडकी काळवंडू लागली की ते म्हणतं, चला, सुटलं ऑफिस. एकच ओळ तीनदा वाचते. चिडचिड होते, सारखं गोड खावंसं वाटतं, झोप कितीही काढली तरी पुरत नाही. (हे आईला वाचून दाखवू नका. फोनवरूनच दृष्ट काढेल.)

हा आळस नव्हे बरं का. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. उजेडच नसेल तर ते मागे पडतं. जोहान्सबर्गच्या उन्हात वाढलेले डॉक्टर नॉर्मन रोझेन्थल अमेरिकेत गेले आणि तिथल्या हिवाळ्यात त्यांना स्वतःलाच हे जाणवलं. 1984 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी या हिवाळी उदासीवर शोधनिबंध लिहिला. त्यावर उपाय म्हणजे 10,000 लक्सचा दिवा (लक्स म्हणजे उजेडाचं माप). मी रोज सकाळी अर्धा तास तो समोर ठेवून चहा पिते. ऑफिसातला उजेड पाचशेच्या आसपास असतो आणि आपल्या अंगणातलं दुपारचं ऊन लाखाच्या घरात, फुकट! दिव्याने बराच फरक पडतो, पण उन्हाची सर नाही.

इथल्या लोकांना याचं नवल नाही. जेवण अकरालाच होतं (तुम्हाला हे फार पटेल). मग सगळे कोट चढवून, आहे तेवढ्या उजेडात एक फेरी मारून येतात. किचकट कामाच्या मीटिंगा दुपारी एकच्या आत उरकतात. तीननंतर मेल, हिशेब, कॉफी. ऊन पुरत नाही म्हणून 2003 पासून दुधातही ड जीवनसत्त्व घालतात. मे महिन्यात तुम्ही पहाटेच रानात जाता, उन्हं चढली की लिंबाखाली आडवे होता, त्यातलाच हा प्रकार. फक्त तुम्ही उन्हाला चुकवता आणि हे उन्हाला गाठतात.

जूनमध्ये मात्र एकोणीस तासांचा दिवस. जाड काळे पडदे लावूनसुद्धा झोप लागत नाही, तरी सगळे हसतमुख. जुलैत तर ऑफिस ओस पडतं. तेव्हा उजेड वाढला म्हणजे काम वाढतंच, यावर माझा विश्वास नाही. मन मात्र नक्की वर येतं.

म्हणूनच यंदा मेऐवजी जानेवारीत रजा टाकलीय. आई म्हणते, उन्हाळ्यात आलीस तर आंबे तरी खाशील. तिला सांगा, हुरडा पुरे. पंधरा दिवस जेवण झालं की मी अंगणात बसणार, आणि "काळी पडशील, आत ये" असं कुणी म्हणायचं नाही.

तुमची,
माया