खेकड्या, अप्पांचा निरोप आहे

ऑकलंड, रविवार रात्र

प्रिय खेकड्या,

दिवाळीत तू फोनवर म्हणालास, "आधी अप्पांना वीक, मग जमीन वीक," आणि मी फोन ठेवला. नंतर तुझे दोन मिस्ड कॉल आले, तेही बघून सोडून दिले. चार महिने झाले. चूक कुणाची ते उकरत नाही, उकरलं तर माझीच निघेल. आम्ही सगळे बरे. अप्पांचा गुडघा होता तसाच. फोन करत नाही, कारण ते शेजारच्या खोलीत आहेत आणि त्यांना ऐकू येत नाही असं आपण समजतो, नेमकं तेव्हाच त्यांना सगळं ऐकू येतं.

शुक्रवारी वायहेकेला गेलो होतो, आज संध्याकाळी परतलो. इथून फेरीनं ४० मिनिटांवरचं बेट. वाळूचे किनारे आणि द्राक्षांचे मळे, एवढ्यासाठीच लोक जातात. वाटेत रांगिटोटो लागतो. सुमारे ६०० वर्षांपूर्वी समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी, असं मी मोठ्या ऐटीत सांगितलं. अप्पा म्हणाले, "म्हंजे आपल्या ज्ञानोबांच्या मागनंचा." विषय संपला.

माळकरी माणसाला वाइनच्या मळ्यात नेलंस म्हणून तू ओरडणार, म्हणून आधीच सांगतो, बेत तुझ्या वहिनीचा. राहायला घेतलेल्या घरात नळाला गावाचं पाणी नाही, छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवतात. अंघोळ आटोपती घ्या, अशी पाटी लावलेली. पोरीनं नाक मुरडलं. अप्पांनी मात्र टाकी वाजवून बघितली, बादली मागून घेतली आणि अर्ध्या बादलीत अंघोळ उरकली. टँकरनं बाग जगवली ते वर्ष आठवलं. तू आणि मी रात्री पाइप धरून उभे, आणि तू उभ्या उभ्या झोपून माझ्या पायावर पडलास. नाही म्हणू नकोस.

शनिवारी मळ्यात गेलो. आधी टेस्टिंग. लोक ग्लास हलवतात, वास घेतात, तोंडात घोळवतात आणि भांड्यात थुंकतात. अप्पा बराच वेळ बघत होते. मग मला म्हणाले, "वरीसभर राबून थुकायचंच हुतं, तर लावली कशाला?" मी हे कुणाला भाषांतर करून सांगितलं नाही.

तिथून ते उठले ते थेट सरीत. मणी गोड व्हायला लागलेत, म्हणून पक्ष्यांसाठी पांढऱ्या जाळ्या टाकलेल्या. मी बिल देईपर्यंत यांनी जाळी वर करून हात आत घातला होता. पान उलटं करून दावण्या, भुरी असला काही रोग आहे का बघितलं, काडीचे डोळे मोजले आणि एक मणी तोडून तोंडात टाकला. मळ्यावरचा माणूस धावत आला. मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. माफी मागत मी सांगितलं, माझे वडील द्राक्षबागायतदार. त्या माणसाचा चेहराच बदलला. त्यानं स्वतः जाळी उचलली.

मग तासभर मी मधे दुभाष्या. अप्पांना सगळ्याचं नवल. वेल कमरेएवढे, ना मांडव ना वाय आकाराचा आधार. मणी चण्याएवढा आणि आत बी. छाटणी वर्षातून एकदा, हिवाळ्यात, पानं गळून वेल झोपला की. आपल्याकडे वेल झोपतच नाही, त्याला एप्रिलात खरडून आणि ऑक्टोबरात छाटून दोनदा उठवावा लागतो, हे अप्पांनी हाताची कात्री करून त्याला दाखवलं. बेटावर वाइनसाठी आधुनिक लागवड १९७८ साली सुरू झाली म्हणे. अप्पांची ओढ्याकाठची बाग त्याच्याच आगेमागे ना रे?

आणि मग त्यानं विचारलं, तुमची बाग किती?

अप्पा म्हणाले, "साडेचार एकर. थॉमसन."

खेकड्या, "हुती" म्हणाले नाहीत. मी तसंच भाषांतर केलं, आहे म्हणून. व्यापारी पैसे बुडवून पळाला, त्या कर्जात अडीच एकर गेलं, उरलेल्या दोन एकरांवर शाळू होतो, हे कुठल्या तोंडानं इंग्रजीत सांगणार? बाग काढली त्या दिवशी जेसीबीपुढे तू उभा होतास. मी इथं मीटिंगमध्ये होतो. म्हणून हे तुलाच लिहितोय. बायकोला सांगितलं तर ती म्हणते, वय झालंय, बोलण्यात काळ चुकला असेल. काळ चुकणारा माणूस आहे का तो? कुठल्या साली कुठल्या तारखेला कुठलं औषध मारलं, ते अजून तोंडपाठ आहे.

संध्याकाळी ओनेटांगीच्या वाळूत बसलो होतो. लांबलचक किनारा, पोरगी पाण्यात. अप्पा धोतर गुडघ्यापर्यंत खोचून बसलेले. पाण्याकडे बघतच म्हणाले, "ती दोन एकर काढून टाकू. खेकड्याला इचार, घेतो का. दुसऱ्याला द्यायची न्हाई."

चार वर्षं मी हेच त्यांच्या मागे लागून मागतोय आणि तू त्यावरूनच मला शिव्या घालतोयस. आता मिळालं, तर पायरी चुकल्यासारखं झालं. माझ्या घराच्या हप्त्यांचं त्यांनी ऐकलं असेल का? की तो मळा बघून काहीतरी तुटलं? की नुसतेच दमलेत? विचारलं तर म्हणतात, "लाटा बघ." तुझी वहिनी म्हणते, हवं ते मिळालं, आता तोंड का पाडलंय?

तुझा माल निघाला का? शेड लागली? अवकाळीनं फटका दिला असं कानावर आलं, किती ते कळव. काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, त्यांना नमस्कार. थोरल्याची दहावी ना यंदा? त्याला माझ्याकडून काहीच सांगू नकोस, माझ्या दहावीचे मार्क तुला ठाऊक आहेत.

जमिनीचा भाव अप्पांनी स्वतः ठरवलाय. इथं लिहीत नाही. आकडा ऐकून तुला वाटेल, मळ्यात त्यांनी चाखली होती. लगेच हो म्हणू नकोस आणि लगेच नाहीही म्हणू नकोस. आधी त्यांना फोन कर, माझ्या नाही, त्यांच्या नंबरवर. बागेचं बोल आणि "आहे" म्हणतात की "हुती", ते ऐकून मला कळव.

तुझाच,
मीटिंगवाला