रेल्वे झाली, लढाई संपली, आजार राहिले

संपादक महोदय, स.न.

ऑगस्टमधे महायुद्ध संपल्याच्या आठवणी सगळेच पेपर छापतात, पण थायलंड-बर्मा रेल्वेवरच्या कैद्यांचं पुढे काय झालं ते कुठेच येत नाही म्हणून लिहितोय. ४१५ किमीची ती लाईन जपान्यांनी १९४२-४३ मधे ६० हजारांवर युद्धकैद्यांकडून बांधून घेतली, त्यातले १२ हजारांवर मेले, आणि बहुतेक हगवण, मलेरिया, कॉलरा, बेरीबेरी नि उपासमारीनेच मेले. पायाला बांबूचा साधा ओरखडा उठला तरी तो चिघळून हाडापर्यंत जायचा, औषध नाही, मग सडलेलं मांस चमच्याने खरवडून काढायचे, तेही बऱ्याचदा भूल न देता, आणि नाहीच आटोक्यात आलं तर पाय कापायचा.

सुटून घरी गेलेल्यांची पण सुटका नव्हती. लिव्हरपूलच्या ट्रॉपिकल मेडिसिन स्कूलने युद्धानंतर ५० वर्षं असे दोन हजारांवर ब्रिटिश माजी कैदी तपासले, त्यात बऱ्याच जणांच्या पोटात स्ट्राँगिलॉइड्स नावाचा बारीक जंत निघाला. हा मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतल्या आत वाढत राहतो, त्यामुळे ३०-४० वर्षांनी सुद्धा कंबरेवर, मांडीवर खाजरा लाल वळ उठायचा आणि बघता बघता पुढे सरकायचा. अशा माणसाला दुसऱ्याच आजारासाठी स्टिरॉइड दिलं तर जंत अंगभर पसरून जीव जाऊ शकतो. हा जंत आपल्याकडे पण आहे, त्यामुळे शेतात अनवाणी राबलेल्यांनी स्टिरॉइड चालू करायच्या आधी हे डॉक्टरांना जरूर सांगावं, आयव्हरमेक्टिन नावाच्या औषधाने तो जातो.

पण मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. त्याच लाईनवर मलायाच्या रबराच्या मळ्यांतले तमिळ मजूर होते, बर्मी, मलय, जावाचे लोक होते, एकूण दोन लाखांच्या आसपास, आणि ते कैद्यांपेक्षा कितीतरी जास्त मेले. कैद्यांमधे निदान त्यांचे लष्करी डॉक्टर होते, छावणीची शिस्त होती, पाणी उकळून प्यायचं हे सांगणारं कोणी होतं, या मजुरांच्या वस्तीत कॉलरा शिरला की बायकापोरांसकट माणसं जायची आणि मेलेल्यांची नीट नोंद पण नाही. वाचले ते परत मळ्यावर कामाला लागले, त्यांच्या पोटात काय राहिलं, पाय पुढे कसे होते, ते ५० वर्षं कोणी तपासलं? त्यातले तमिळ तर आपल्याच देशातून पोटासाठी गेलेली माणसं होती. येत्या ऑगस्टला या लाईनवरच्या क्वाय नदीच्या पुलाचा फोटो छापाल तेव्हा अर्धं पान तरी यांना द्या.

आपला एक वाचक, मिरज