थकलेली मजुरी आणि जादा तासांचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेल कारखान्यात मी बारा-बारा तासांच्या पाळ्या केल्या. काम सोडताना मात्र दोन महिन्यांचा पगार आणि जादा तासांची मजुरी मागितली, तेव्हा मालकाने उचलीचा हिशेब पुढे केला. दिवसाच्या नऊ तासांवरील कामाला दुप्पट दर देण्याची तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यातच झाली होती. आम्हाला हजेरीकार्डही मिळाले नाही, याची चीड येते. पत्नीने घरच्या दिनदर्शिकेवर प्रत्येक रात्रपाळी पेन्सिलीने टिपून ठेवली होती; त्याच पानांच्या आधारे मी सहायक कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज दिला आहे. अशा दाव्यांना मुदत असते, म्हणून सहकाऱ्यांनी मालकाच्या तोंडी आश्वासनावर थांबू नये, आणि हजेरीपत्रकांची तपासणी अधिकाऱ्यांनी रात्रपाळीत, मागावर येऊन करावी.

आपला,
एक यंत्रमाग कामगार, सोलापूर