इंदूरच्या त्या सहृदय मंडळींचे मनःपूर्वक आभार

इंदूरजवळच्या एका रिसॉर्टच्या उपाहारगृहात गेल्या रविवारी आम्ही सहकुटुंब न्याहारीस गेलो असता, वाफेवरच्या पोह्यांवर शेव आणि जिरावण मसाला घालून घेत असलेल्या माझ्या सासूबाईंना एकाएकी दरदरून घाम फुटला आणि त्यांचे हात थरथरू लागले. त्या इन्सुलिन घेतात हे कळताच शेजारच्या टेबलावरील एका ताईंनी आपल्या ग्लुकोमीटरसोबतच्या टोचणीला नवी सुई लावून रक्तातील साखर तपासली. ती ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली, म्हणजे फारच कमी होती. न्याहारी वाढणाऱ्या तरुणाने लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून आणली. घाबरून मी जिलबी पुढे केली होती, परंतु तुपामुळे साखर रक्तात उतरण्यास वेळ लागतो, म्हणून साखरपाणीच आधी द्यावे, हे ताईंनी किती शांतपणे समजावले! १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी होईपर्यंत त्या स्वतःची न्याहारी सोडून सासूबाईंजवळ बसून राहिल्या.

शुद्ध हरपली असती तर तोंडावाटे काहीच देता आले नसते, त्यामुळे त्या तत्परतेचे मोल आम्ही जाणतो. गडबडीत दोघांचीही नावे विचारायची राहिली. सासूबाईंची प्रकृती आता उत्तम आहे. आपणा दोघांचे आम्ही सर्व कुटुंबीय अंतःकरणपूर्वक आभार मानतो.