तुटला तो कंपनीचाच पार्ट होता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात मॉडिफाइड गाड्यांवर जे आलं होतं ते वाचलं. सूर एकंदर असा की बाहेरचे पार्ट लावले की गाडी धोकादायक आणि कंपनीचे ठेवले की आपण सुखरूप. सायलेन्सर कापून रात्री बारा वाजता एफसी रोडवर फटाके फोडणारे आणि सस्पेन्शन बदलून रेसट्रॅकवर जाणारे, दोघांना एकाच माळेत ओवलंय. राग त्याचा नाही आला एवढा, राग याचा आला की बाहेरचं सस्पेन्शन नक्की कुठे आणि कसं दगा देतं हा खरा प्रश्न तसाच राहिला, म्हणून माझा अनुभव लिहितोय, थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

माझी 2013 ची पेट्रोल स्विफ्ट आहे. रोज चिंचवड ते चाकण नोकरीला हीच, भाजी आणायला हीच, आणि वर्षातून दोन-तीनदा कोइमतूरच्या करी स्पीडवेला पण हीच, ट्रेलरबिलर काही नाही, अकराशे-बाराशे किलोमीटर चालवत जायचं, दिवसभर ट्रॅकवर पळवायची आणि चालवतच परत यायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा ट्रॅक 2.1 किलोमीटरचा आहे, एस. करिवर्धन यांच्या नावाचा, फॉर्म्युला मारुती गाड्या बांधणारे ते हेच. लांबीने छोटा, पण वळणं लागोपाठ, त्यामुळे टायर आणि शॉकअपला उसंत नाही. कंपनीचे शॉकअप तिथे चार-पाच लॅपमध्ये तापून ढिले पडायचे आणि गाडी होडीसारखी डुलायची, म्हणून मी पैसे साठवून कॉइलओव्हर घेतले, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारी स्प्रिंग आणि शॉकअपची जोडी. वरच्या माउंटिंगला रबराऐवजी पिलोबॉल, म्हणजे धातूचा बॉल जॉइंट, आणि चाकाचा तिरकेपणा बदलता येणारी कँबर प्लेट. गाडी चाळीस एक मिलिमीटर खाली आली. दिसायला पण झकास, खोटं कशाला बोलू.

तर मागच्या ऑक्टोबरात ट्रॅकवरून परत येताना निपाणी सोडली आणि पुढच्या डाव्या बाजूने टकटक सुरू झाली. कागलपर्यंत ती टकटक राहिली नाही, हातोडा झाला. कोल्हापूरला उद्यमनगरात एका मिस्त्रींकडे गाडी घातली. सोबतच्या मित्रांनी रस्त्यातच निकाल लावून टाकला होता की तुझं ते कॉइलओव्हर गेलं, सांगत होतो तुला, एवढे पैसे घालायचे तर दुसरं घ्यायचं होतंस वगैरे. मिस्त्रींनी चाक काढलं, टॉर्च मारली आणि म्हणाले, "साहेब, नवीन हाय ते चांगलंय की. तुटल्यालं हे कंपनीचंच हाय."

लिंक रॉड तुटला होता. वळणावर गाडी जास्त कलू न देणाऱ्या अँटी-रोल बारला शॉकअपशी जोडतो तो, जेमतेम काही शे रुपयांचा पार्ट. दुकानदाराने कॉइलओव्हर बसवले तेव्हा जुनाच लिंक रॉड परत लावून दिला, त्याच लांबीचा. पण गाडी खाली आली म्हणजे शॉकअपवर लिंक जिथे अडकतो तो हूक चेसिसच्या हिशोबाने वर गेला, बार वर उचलला गेला, लिंक तिरका झाला आणि त्याचा बॉल जॉइंट कायमचा शेवटच्या कोनावर जाऊन बसला, म्हणजे हात पूर्ण मुरगळून धरलाय आणि त्यात वर रोज धक्के. ट्रॅकवर वर्षभर टिकला हेच नशीब. आखूड लिंक लावायला पाहिजे होता एवढीच गोष्ट, पण ती ना दुकानदाराने सांगितली ना मला विचारायची अक्कल होती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की बाहेरचा पार्ट टिकतो का हा प्रश्न त्या एका पार्टला विचारून उपयोगच नाही, तो बसवल्यावर शेजारच्या पार्टचं काय होतं ते विचारायचं. स्प्रिंग कडक केली की जो धक्का आधी स्प्रिंग आणि रबर खात होतं तो वर माउंटिंगला आणि पत्र्याला जातो. गाडी खाली केली की चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचा बॉल जॉइंट, स्टिअरिंगचा टाय रॉड, चाक फिरवणारा ड्राइव्ह शाफ्ट सगळ्यांचे कोन बदलतात. चिकट सेमी-स्लिक, म्हणजे ट्रॅकचे कमी खाचांचे टायर घातले की व्हील बेअरिंगवर ताण वाढतो. आणि जो तुटतो त्याच्यावर बऱ्याचदा कंपनीचं नाव असतं, आपण मात्र शिव्या भलत्यालाच घालतो.

मिस्त्रींचं तेवढ्यावर भागलं नाही. वरचं माउंटिंग हलवून बघितलं आणि विचारलं, "ह्याला रबर कुठंय वो?" मी मोठ्या अभिमानाने सांगितलं की याला रबर नसतंच, पिलोबॉल आहे, स्टिअरिंग एकदम नेमकं होतं. ते म्हणाले, मग चिखल कुठं जातो? मला उत्तर देता आलं नाही. त्या बॉलच्या भोवती बारीक अस्तर असतं, त्यात वाळू-माती शिरली की ते घासून जातं आणि बॉल खडखडायला लागतो. रेसच्या गाडीत हा पार्ट तपासून बदलत राहतात, तिथे तो खपायचा माल आहे. आपण तोच लावून चाकणच्या रस्त्यावर अख्खा पावसाळा काढतो आणि मग म्हणतो क्वालिटी नाही राहिली. लोकांना वाटतं ट्रॅकवर गाडीचे हाल होतात. होतात, ब्रेक आणि टायरचे तर नक्कीच, शॉकअपचं तेल पण तापतं, पण ट्रॅकचं डांबर सपाट असतं, वळणाच्या कडेच्या उंच पट्ट्यांवर (कर्बवर) चढला नाहीत तर ताण मोठा असला तरी सलग येतो. खड्ड्याचा धक्का एका क्षणात येतो, स्प्रिंग कडक असली आणि चाकाला वर जायला जागा कमी असली की शॉकअप थेट शेवटच्या ठोकळ्यावर, बंप स्टॉपवर आदळतो. माझं पिलोबॉल ट्रॅकने नाही खाल्लं, ऑफिसच्या रस्त्याने खाल्लं.

आता बसवणाऱ्यांबद्दल, कारण निम्मं पाप तिथे आहे (निम्मं गिऱ्हाइकाचं, म्हणजे माझं). लोअर आर्मच्या रबरी बुशचा (सांध्यातल्या रबराचा) बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना आवळायचा नसतो, चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन आल्यावर आवळायचा. नाहीतर गाडी खाली आल्यापासून ते रबर पिळलेलंच राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. पुण्यात किती गॅरेजमध्ये हे पाळतात? मी ज्यांच्याकडे बसवले त्यांनी नव्हतं पाळलं, एका बाजूचं बुश चिरलेलं निघालं. शॉकअपच्या वरच्या नटला इम्पॅक्ट गन लावतात, आतला रॉड गरगर फिरतो, सील दुखावतं, आणि सहा महिन्यांनी तेल गळायला लागलं की म्हणायचं पार्ट डुप्लिकेट. पॉलीयुरेथेनचे बुश ग्रीस न लावता ठोकतात, मग ते वर्षभर कुरकुरतात. बोल्ट नेमक्या जोराने आवळायचा टॉर्क रेंच भिंतीवर टांगलेला असतो, गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून.

आणि कायदा. गाडीत असे बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, 182अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने पण आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालणार नाही असं सांगितलंय. ठीक आहे. पण त्यात हो किंवा नाही एवढंच आहे, नीट बसवलंय का हे बघणारं कोणी नाही. जर्मनीत कॉइलओव्हरसोबत तपासणीचा कागद येतो, कुठल्या गाडीला, किती उंचीपर्यंत, सोबत काय बदलायचं हे लिहिलेलं असतं, बसवल्यावर गाडी तज्ज्ञाला दाखवायची आणि गाडीच्या कागदावर नोंद करायची. तसा कागद माझ्या खोक्यात पण होता, जर्मन भाषेतला, मी पॅकिंग समजून टाकून दिला. आपल्याकडे कोथरूडला वेताळ टेकडीवर 1966 पासूनची एआरएआय आहे, गाड्या तपासणारी एवढी मोठी संस्था पुण्यातच आहे, तर पैसे भरून गाडी दाखवायची आणि सही-शिक्का घ्यायचा असा रस्ता बाहेरच्या सस्पेन्शनसाठी का निघू नये? मी पहिल्या दिवशी रांगेत उभा राहीन. आज होतं काय की दंडाच्या भीतीने लोक लपवतात, लपवतात म्हणून सर्व्हिस सेंटरला नेत नाहीत आणि नेत नाहीत म्हणून चिरलेलं बुश कोणाला दिसतच नाही.

विकणाऱ्यांनी तरी खोक्यावर मराठीत-हिंदीत चार ओळी छापाव्यात, किती किलोमीटरला तपासायचं, सोबत कुठला लिंक लागेल, पावसात चालेल का. माझ्या दुकानदाराला हे बोललो तर म्हणाला, असं लिहिलं तर घेणार कोण.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी त्या दिवशी कंपनीचाच नवीन लिंक रॉड टाकला, पुढची उंची वीस मिलिमीटर वाढवली आणि पुण्यापर्यंत सावकाश जा म्हणाले. घरी आल्यावर पिलोबॉल काढून रबराचं माउंटिंग परत बसवलं, आखूड लिंक मागवले, बुश नवीन टाकले आणि बोल्ट आवळताना गाडी जमिनीवर आहे का ते स्वतः बघितलं, मेकॅनिक वैतागला, वैतागू दे. करीला लॅप टाइम अर्ध्या सेकंदाने वाईट आलाय.

आपला,
एक वाचक, चिंचवड