बायदेऊ, तुमच्या 'नाही'बद्दल आभार

प्रिय बायदेऊ (आसामीत मोठी ताई),

हे पत्र मराठीतच लिहितेय. हिंदीत लिहायला बसले की त्याचा सरकारी अर्ज होतो. तुमचा धाकटा मोबाइलवरून अर्थ लावून तुम्हाला वाचून दाखवील. आपल्याकडून माजुलीला, आसामातल्या ब्रह्मपुत्रेतल्या त्या बेटावर, निघालेल्या माणसांनीही वाचावं म्हणून सगळ्यांसमोर ठेवतेय. तुमचं नाव आणि गावाचं नाव मात्र गाळलंय. "नाव टाकलंस तर गाड्याच्या गाड्या येतील," असं तुम्हीच बजावलं होतंत.

तुमच्याकडे मुक्कामाला होतो तेव्हा खोली स्वच्छ होती, जेवण गरम होतं, माणसं प्रेमळ होती, हे सगळं खरं आहे. पण त्याबद्दलचे आभार निघतानाच मानून झाले. हे पत्र आहे ते तुम्ही ज्या ज्या वेळी आम्हाला नाही म्हणालात त्याबद्दल.

पहिलं नाही धुक्यातलं. त्या दिवशी दुपारी जोरहाटहून आमचं विमान होतं आणि सकाळी बेटावरच्या कमलाबारी घाटावरून निरोप आला की फेरी बंद. पौषातलं ब्रह्मपुत्रेवरचं धुकं मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं. तुमच्या चांगघराच्या, म्हणजे खांबांवर उचललेल्या बांबूच्या घराच्या, शिडीवरून खालचा हातपंप दिसत नव्हता, फक्त कुणीतरी तो हापसत असल्याचा आवाज येत होता. गाडीवाला म्हणाला, ओळखीच्या एकाची छोटी मोटरबोट आहे, थोडे जास्त पैसे द्या, पलीकडे जोरहाटच्या बाजूला निमाती घाटावर सोडतो. तो आकडा सांगत होता तेव्हा तुम्ही चुलीपाशी होतात. तिथूनच म्हणालात, "या नाही जाणार." आम्हाला विचारलंसुद्धा नाहीत! मग बाहेर येऊन मला म्हणालात, "तिकिटाचे पैसे गेले तर जाऊ देत. आईला घेऊन कुठं निघालीस?"

गाडीवाल्याने तोंड वाकडं केलं. तुम्ही त्याला आसामीत जे काही सुनावलंत त्यातलं 'निमाती' तेवढं मला कळलं. नंतर धाकट्याने सांगितलं. ८ सप्टेंबर २०२१ रोजी निमाती घाटाजवळ माणसांनी भरलेली खासगी बोट आणि सरकारी फेरी यांची टक्कर झाली, बोट उलटली. त्यानंतर एक इंजिनाच्या खासगी बोटींवर बंदी आली. तुमच्या घरातलं कुणी त्या बोटीत नव्हतं, पण त्या संध्याकाळी गावातल्या प्रत्येक घरातून घाटावर फोन लागत होते म्हणे. मुंबईची लोकल चुकावी तशी आम्ही चरफडत होतो आणि तुमच्या डोळ्यांपुढे ती संध्याकाळ होती. विमान गेलं. पैसे परत मिळाले नाहीत. त्याचं आता काहीही वाटत नाही.

मुक्काम वाढला तो असा. आईला थंडी बाधेल म्हणून तुम्ही तिला पाहुण्यांच्या खोलीतून उठवून आपल्या घरात, चुलीशेजारी आणलंत. चांगघराच्या मधोमध ती चूल, वर टांगलेल्या बांबूच्या फळ्या, त्यांवर धुराने काळे झालेले मासे. आई माळकरी. तिच्या गळ्यातली तुळशीची माळ तुमच्या लक्षात आली आणि काही न बोलता तिचं ताट त्या फळीखालून हातभर बाजूला सरकवलंत. लाई साग, म्हणजे मोहरीवर्गातला पाला, वेगळ्या भांड्यात, नुसत्या आल्या-मिठाचा. आपली सोय इतक्या गुपचूप झालेली तिने आयुष्यात पाहिली नसेल. मी मात्र माळकरी नाही. तुमचं नामसिंग, म्हणजे सुके मासे पाल्यासह कुटून बांबूच्या नळीत दाबून ठेवलेलं, मी भातावर घेऊन खाल्लं, आणि भाताच्या तुसाच्या राखेने काळपट झालेलं आपोंग, तुमची तांदळाची बिअर, तीही प्यायले. दुसऱ्या पेल्याला तुम्ही नाही म्हणालात, तेही बरंच झालं.

आईचं तुमच्याशी जमलं ते मागावर. ती भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावची, कोष्ट्याची मुलगी. लग्नाआधी तिने बापाच्या मागासाठी हजारो कांड्या भरल्या, आणि नागपुरात आल्यावर चाळीस वर्षं मागाचं नावही काढलं नाही. तुमच्या घराखाली, बांबूच्या चार खांबांना बांधलेला माग बघून ती थबकली. आमच्याकडे विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, इथे खड्डा नव्हता. बाजूला कोंबड्या, पलीकडे डुक्कर, आणि मागावर लाल-काळ्या चौकटींचं अर्धं विणलेलं एगे, म्हणजे तुमच्याकडच्या बायकांचं कमरेला नेसायचं वस्त्र. नक्षीसाठी तुम्ही बांबूच्या बारीक काड्या ताण्यात घालून धागे उचलत होतात. आई वाकून काड्या मोजत बसली. तेवढ्यात ताण्यातला एक धागा तुटला. तुम्ही हात घालायच्या आतच तिने दोन्ही टोकं चिमटीत धरली, पीळ दिला, ओलं बोट फिरवलं आणि धागा फणीतून ओढून घेतला. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, सुताची गुंडी आणि रिकाम्या कांड्या तिच्यापुढे ठेवल्यात आणि परत विणायला लागलात. पाहुणीला कामाला लावलंत! दिवसभर तुम्ही तुमच्या मिसिंग जमातीच्या भाषेत बोलत होतात, ती वऱ्हाडी-झाडीत बोलत होती, आणि दोघींचं काही अडत नव्हतं. मला तिथे कुणी विचारत नव्हतं.

संध्याकाळी आईने ते एगे विकत मागितलं. तुम्ही नाही म्हणालात. ते सुनेसाठी होतं, अलि-आय-लिगांगला नेसायला. फागुनातल्या पहिल्या बुधवारी पेरणीचा सण, त्याच्या आत ते मागावरून उतरायला हवं होतं. आईने किंमत वाढवून पाहिली, सवयीने. तुम्ही हसलात, तेवढंच. त्याबदली दुसरं एखादं दाखवून विकायचाही प्रयत्न केला नाहीत. आईला हे इतकं पटलं की परतीच्या गाडीत तिने तेच मला दोनदा सांगितलं.

आणि ती पुण्यामुंबईकडची मंडळी, धुक्याआधीच येऊन बेटावर अडकलेली. त्यांना 'ट्रायबल डान्स' हवा होता, त्यांच्या पॅकेजात लिहिलेला होता म्हणे. तुम्ही सांगितलंत, गुमराग हा आमचा नाच पेरणीच्या वेळी नाचतात, फागुनात या. त्यांनी पैसे पुढे केले. तुम्ही चहा पुढे केलात. मराठी म्हणून मला तिथे जरा शरमल्यासारखं झालं, पण मजाही वाटली. आपल्याकडे पोळ्याच्या बैलांना कुणी मार्चमध्ये सजवून दाखवा म्हटलं तर काय सांगू, हा विचार डोक्यात आला. गाव म्हणजे माणसं राहतात ती जागा, हे पॅकेज विकणाऱ्यांना कधी कळेल कोण जाणे.

सामागुरी सत्रातले (सत्र म्हणजे वैष्णव मठ) मुखवटे आम्ही आधीच पाहिले होते, त्यावर खूप जण लिहितात, मी लिहीत नाही.

नदीबद्दल मात्र लिहायला हवं. धुकं विरल्यावर तुम्ही आम्हाला बांधावर नेलंत. मी कॅमेरा काढला, कारण समोर पाणी सुंदर दिसत होतं. तुम्ही पाण्याच्या मध्यावर बोट दाखवलंत. तिथे तुमची शाळा होती. त्याच्या अलीकडे माहेरचं पहिलं घर, मग दुसरं. आता भाऊ राहतो ते तिसरं, आणि तेही काठापासून फार लांब नाही. १९५० च्या १५ ऑगस्टला झालेल्या मोठ्या भूकंपाने नदीचं पात्र गाळाने वर उचललं, तेव्हापासून ती कडा खातच आली आहे. शंभर वर्षांपूर्वी १२०० चौरस किलोमीटरच्या वर असलेलं बेट आज ५०० च्याही खाली आलंय. २०१६ मध्ये माजुली जिल्हा झाला, नदीतल्या बेटाचा देशातला पहिला. असा जिल्हा की ज्याची जमीन दर पावसाळ्यात कमी होते. हे मी आधी वाचलं होतं. पण "इथे मी पाढे म्हटले" असं म्हणत कुणी वाहत्या पाण्याकडे बोट दाखवलं की आकड्यांचा अर्थ बदलतो. मी विचारलं, सरकारने जमीन दिली का? तुम्ही म्हणालात, "ते लिहू नकोस. भावाचं काम अडकलंय." म्हणून लिहीत नाही.

शेवटचं नाही पैशांचं. वाढलेल्या मुक्कामाचं भाडं तुम्ही घेतलं नाहीत. "फेरी बंद, तुम्ही बंद, मी कसले पैसे घेऊ," असं काहीसं म्हणालात. मी वाद घातला, आईने मला डोळ्याने गप्प केलं. तिच्या डोक्यात तेव्हाच काहीतरी शिजत होतं.

तर ते असं. आंधळगावला तिच्या भाच्याकडे अजून माग चालू आहे. त्याच्याकडून तिने कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, सूत आणलंय आणि पोस्टाने तुमच्या नावावर पाठवलंय. जोरहाटहून पुढे फेरीनेच येईल, तेव्हा धुकं असेल तर उशीर होईल. हे भाडं नाही, असं तिने सांगायला सांगितलंय, म्हणजे परत पाठवायची सोय ठेवलेली नाही. तुमच्याकडच्या एंडी-मुगा रेशमापेक्षा हे सूत थोडं खरखरीत आहे. ताण्याला लावू नका, फणीत तुटेल, बाण्यातच घाला, आणि कांडी भरताना हात किंचित ओला ठेवा, असा तिचा निरोप आहे. पार्सल पोचलं की धाकट्याला फोन करायला सांगा. दुपारी करू नका, ती झोपते.

तुमची,
नागपूरची मुलगी